मदत हवी आहे: स्ट्रॅटेजी गेममध्ये रेल्वेचे नियम कसे ठेवावेत?

मंडळी, आम्ही नाशिकरोडचे काही मित्र संस्कृती उभारणीचा एक टर्न-बेस्ड (पाळीपाळीने चाल करायचा) गेम बनवतोय. बैलगाडी, सडका, बंदरं सगळं जमलं. अडलंय ते रेल्वेवर.

सिव्हिलायझेशन ३ या गेममध्ये रुळांवरून सैन्य कितीही लांब नेलं तरी चाल खर्चच होत नाही. मग अख्खा नकाशा रुळांनी भरतो आणि सीमेवर फौज ठेवायचं कारणच उरत नाही. त्याच गेमच्या पाचव्या भागात नकाशाच्या पटावर रूळ असलेल्या प्रत्येक घराला देखभाल खर्च आहे, ते मला पटतं. पण चढाचं काय?

आपला थळ घाटच घ्या. कसारा ते इगतपुरी १:३७ चा चढ, बहुतेक गाड्यांना आजही बँकर इंजिनं (मागून ढकलणारी जादा इंजिनं) जोडावी लागतात. म्हणून डोंगरी घरात रूळ महाग आणि एका टर्नमध्ये तिथून मोजक्याच तुकड्या, असा माझा विचार आहे. (एक मित्र म्हणतो, एवढा हिशोब ठेवायला खेळाडू काय स्टेशन मास्तर आहे का!)

दुसरं म्हणजे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मनमाडला पूर्वी ब्रॉडगेज आणि मीटरगेज एकत्र यायचे, माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. जिंकलेल्या प्रदेशात वेगळं गेज निघालं तर असाच एक टर्न वाया जावा, की हे फारच किचकट होईल?

तुकड्यांची मर्यादा मार्गाला लावावी की जंक्शनला? असे गेम भरपूर खेळलेल्यांनी कृपया सांगा. कोडिंगचं आम्ही बघून घेऊ.