वर्षअखेरीची बैठक तुमच्या गटाला कशी जमते? अनुभव लिहा

रक्तदान शिबिरं भरवणारा आमचा पुण्यातला छोटा गट. डिसेंबरच्या शेवटी कॉलेजं, कंपन्या सुट्टीवर जातात, शिबिरं रोडावतात आणि रक्ताची गरज तशीच राहते. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात, आधीपासून साठवायची सोय नाही. म्हणून गेल्या वर्षी २८ डिसेंबरला बैठक ठेवली. ग्रुपवर १४ जण 'येतो' म्हणाले, आलो तिघी. रागाच्या भरात मी जे लिहिलं त्याने दोन जुन्या ताई दुखावल्या. एकीच्या सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या, हे मला नंतर कळलं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. तुम्ही काय करता?

वसईकर
आम्ही गावात अभ्यासिका चालवतो. गटात निम्मे ख्रिस्ती. २५ तारीख टाळली की झालं, असं बाकीच्यांना वाटायचं. पण आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीचे, चारही रविवार आमचे भरलेले असतात: कॅरोलचा सराव, गव्हाणी, घरचा फराळ. त्या काळात सहसा लग्नं लावत नाहीत, म्हणून नाताळ सरला की लग्नांची रांग लागते. तीन वर्षं मी काही न बोलता गैरहजर राहिलो. शेवटी बोललो, तर सगळे म्हणाले, "अरे, आधी का नाही सांगितलंस?" आता वार्षिक बैठक नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी घेतो.

पाणपोई
"१ जानेवारीला सगळे मोकळेच असतात," हे मी दरवर्षी ऐकते. आमच्यातले दहा-बारा जण आदल्या रात्रीपासून पेरणे गावात, कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाजवळ, अभिवादनाला येणाऱ्यांना पाणी वाटत असतात. लगेच ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, शाळाशाळांत कार्यक्रम. एकदा बैठकीत हे स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी तारीख बदललीच, शिवाय गटातले चौघे आमच्याबरोबर पाणी वाटायला आले. त्यांनी येणं मला फार मोठं वाटलं.

न्यूजर्सीची मराठी शाळा
आमच्या निम्म्या शिक्षिका डिसेंबरात भारतात असतात आणि जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम दारात उभा. नोव्हेंबरात आमची घड्याळं तासभर मागे जातात, मग भारताशी साडेदहा तासांचा फरक पडतो. एकदा 'रविवार, रात्री ९' एवढंच कळवलं. पुण्याला गेलेल्या ताई रविवारी सकाळी साडेसातला लॅपटॉप उघडून बसल्या. आमची रविवारची रात्र म्हणजे त्यांची सोमवारची सकाळ! आता दोन्हीकडचे वार आणि तारखा लिहितो, आणि तिळगूळ, हॉल, मुलांची नाटुकली कुणाकडे ते विमानात बसण्याआधी ठरवतो.

गडवाट
आमची बैठक ३१ च्या रात्री गडाच्या पायथ्याशीच. दारू घेऊन वर जाणाऱ्यांना अडवायला पहाटेपर्यंत पहारा असतोच. चहाच्या पातेल्याभोवती वर्षाचा हिशेब होतो, जानेवारीत कुठलं टाकं उपसायचं ते ठरतं. पण रात्री थांबू न शकणाऱ्या मुली निर्णयातून सुटत होत्या. हे आम्हाला दोन वर्षं दिसलंच नाही, एकीने सांगितल्यावर लक्षात आलं. आता रात्री फक्त चर्चा, निर्णय पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं: बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तारखेआधी प्रत्येकाला फोन. ग्रुपवर विचारलं की न जमणारा माणूस बोलत नाही, हे वसईकरांमुळे नीट कळलं. २८ ला बैठकीऐवजी शिबिरच घेतोय, रक्तपेढीने होकार दिलाय.

काल त्या दोन्ही ताईंना फोन केला. एक म्हणाल्या, "शिबिराचा चहा माझ्याकडे." दुसऱ्यांनी उचलला नाही. उद्या त्यांच्या घरी जाऊन येते.