वाळूजची नोकरी, पैठणची दोन एकर की राज्यसेवा? राजीनाम्याआधी सल्ला हवाय

क्वालिटी_वाळूज: डिप्लोमा मेकॅनिकल, वय 28. वाळूज एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर, कायम, तीन शिफ्ट. पाच वर्षं भरायला चार महिने आहेत. छिद्राचा व्यास मोजायचं तेच बोअर गेज, तीच चेकशीट. मन लागत नाही. पैठण तालुक्यात दोन एकर आहे, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. घरचे म्हणतात तुती लाव, रेशमाचे किडे पाळ, मित्र म्हणतात राज्यसेवा कर. सोडू का, आणि सोडली तर कशासाठी?

मोजमाप: भाऊ, आधी नेमकं काय नकोसं झालंय ते शोधा. चार आठवडे एक वही ठेवा. शिफ्ट संपली की तीनच गोष्टी लिहायच्या: काय काम केलं, किती वेळ, मन कुठं लागलं. नाईटचा आठवडा वेगळा काढून वाचा. वैताग त्याच आठवड्यात असेल तर दुखणं शिफ्टचं आहे, जनरल शिफ्टची नोकरी बघा.

पार्ट मोजायचा कंटाळा येतो, पण रिजेक्शन का आलं हे शोधताना वेळ कळत नाही, असं निघालं तर क्षेत्र बदलू नका, खुर्ची बदला. एक गेज आर अँड आर (मोजणीतला फरक गेजमुळे किती, माणसामुळे किती, हे तपासणं) स्वतः करा: 10 पार्ट, 3 ऑपरेटर, प्रत्येकी 3 वेळा मोजणी. निकाल 10 टक्क्यांच्या आत असेल तर मोजणी चांगली, 30 च्या वर गेला तर गेज किंवा पद्धत बिघडलेली. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा असा केलेला अभ्यास जास्त बोलतो. सोबत जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या सवलतीच्या खुणा) आणि पीपॅप (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) शिका. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये छोटे कोर्स असतात, तिथं चौकशी करा.

तुती_जालना: रेशीम चांगलं आहे, पण नोकरी सांभाळून एकट्याला जमत नाही. दुसऱ्या मोल्टनंतरची (दोनदा कात टाकलेली) चॉकी, म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या, आणली की कोष काढेपर्यंत साधारण 20-22 दिवस. त्यातले शेवटचे सात-आठ दिवस अळी एकूण पाल्याच्या 80 टक्क्यांहून जास्त पाला खाते. तेव्हा फांद्या तोडायला आणि टाकायला दोन माणसं लागतातच. 100 अंडीपुंजांना (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) 60-70 किलो कोष म्हणजे बॅच चांगली.

तुमची खरी अडचण पाण्याची. फेब्रुवारीत विहीर आटली तर तुती जगेल, पाला देणार नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची शेड तापते, तेव्हा बॅच घेणं तसंही जोखमीचं. म्हणजे कमाई पावसाळा आणि हिवाळ्याची, आणि वर्षाचा हिशोब तेवढ्याच बॅचवर मांडायचा. आधी अर्धा एकरच लावा. प्रत्येक बॅचआधी शेड 2 टक्के ब्लीचिंग पावडर आणि 0.3 टक्के विरलेल्या चुन्याच्या द्रावणानं धुवा. बहुतेक जण पहिली बॅच चांगली निघाली की हे टाळतात आणि तिसरीला रोग येतो.

क्वालिटी_वाळूज: शेजारच्या दोन्ही बांधांना कापूस आहे. चालेल का?

तुती_जालना: तिथंच बॅच जाते, दादा. कापसावरची फवारणी वाऱ्यानं तुतीवर आली की अळ्या हिरवं ओकतात, तडफडतात आणि पटापट मरतात. बांधालगतच्या ओळींचा पाला देऊच नका. शंका आली तर पंधरा-वीस अळ्या वेगळ्या करून त्यांना तो पाला घाला, दिवसभर बघा, मगच बाकीच्यांना. आणि शेजाऱ्याशी फवारणीच्या तारखा आधी बोलून घ्या.

अभ्यासिका_परभणी: राज्यसेवेला पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर अर्ज बसत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. शेवटच्या वर्षाला असताना पूर्व परीक्षा देता येते. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43, म्हणजे घाई नाही. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, लेखी 1750 गुणांची. पर्यायांवर टिक करायची सवय तिथं कामाची नाही, रोज हातानं उत्तरं लिहावी लागतात. तेव्हा आत्ता पदवीला प्रवेश घ्या, रोज एक उत्तर लिहा, आणि ते लिहिणं तरी आवडतंय का ते पदवी होईपर्यंत तपासा. त्यासाठी राजीनामा लागत नाही.

हिशोब: आणि काहीही ठरलं तरी हे चार महिने काढाच. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक आणि डीए मिळून 13,000 असेल तर 37,500 रुपये. अर्ध्या एकराची लागवड सुरू करायला ते कामी येतील. पीएफ काढू नका. नवी नोकरी धरली तर त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) वर्ग करा, पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षं दोन्ही नोकऱ्या जोडून मोजली जातात.