मदत हवी आहे : टोल्किन यांच्या 'सब-क्रिएशन'ला मराठी शब्द

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानाविषयी मला नववी-दहावीच्या मुलांशी बोलायचंय. लेखक एक दुय्यम जग उभारतो, वाचक आत असेपर्यंत ते खरं मानतो, अविश्वास डोकावला की जादू मोडते, हे मराठीत नीट सांगता येतं. अडलंय 'सब-क्रिएशन'पाशी, म्हणजे लेखकाच्या या जगनिर्मितीला त्यांनी दिलेल्या नावापाशी.

'प्रतिसृष्टी' लगेच सुचला, आवडलाही. पण तो विश्वामित्राचा. त्यात देवांशी स्पर्धा आहे. टोल्किन यांना अभिप्रेत आहे ती ईश्वराच्या निर्मितीच्या आत राहून, तिचाच वारसा म्हणून केलेली निर्मिती. अगदी उलट! 'उपनिर्मिती' फार कोरडा वाटतो. शब्दकोशांत काही सापडलं नाही.

इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाहीये, आणि तोंडी बोलणार असल्याने तळटीपही देता येणार नाही. ऐकताक्षणी कळेल आणि स्पर्धेची छटा नसेल, असा कोणता शब्द वापरू?