रायफलचे तीन ५-२५ स्कोप (५ ते २५ पट झूमच्या नेमदुर्बिणी), तिन्ही उत्तम. निवडायचा कसा?

लांबपल्ला: .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन, पालथं झोपून कागदी टार्गेट, ३०० ते ८०० मीटर. श्मिट अँड बेंडर पीएम टू ५-२५×५६, नाइटफोर्स अटॅकर ५-२५×५६ आणि कालेस के५२५आय इथवर येऊन अडलोय. तिन्ही फर्स्ट फोकल प्लेन. मला चष्मा आहे. हातात घेऊन बघायला पंधरा मिनिटं मिळाली, तर नेमकं काय बघू?

काटकोन: या वर्गात काच कुणाचीच वाईट नसते, तिच्यावर मिनिटं घालवू नका. आधी रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) बघा, आणि तेही ज्या झूमवर खरंच नेम धरणार त्यावर, म्हणजे साधारण १२ ते १८. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल चित्राबरोबर लहानमोठं होतं. ५ वर ०.२ मिलच्या (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) खुणा वाचताच येत नाहीत, आणि ०.०५ मिल जाडीची रेघ ८०० मीटरवर ४ सेंमी झाकते. बारीक गटासाठी (गोळ्या एकमेकींजवळ लागाव्यात म्हणून) मारणाऱ्याला ही जाडी खटकते, धुकट उजेडात मारणाऱ्याला तीच हवीशी वाटते.

मग डोळा. २५ वर एक्झिट प्युपिल (डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल) पुढच्या काचेचे ५६ मिमी भागिले २५, म्हणजे जेमतेम २.२ मिमी. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर आय बॉक्स (पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा ठेवायची जागा) तुमच्या बसण्याला जुळत नाही. हे सगळं चष्मा लावूनच करा. डायऑप्टर (रेटिकल डोळ्याला स्पष्ट करणारी कडी) पांढऱ्या भिंतीकडे दोन-दोन सेकंद बघून लावा. जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं.

दहा_क्लिक: टरेट (नेम सरकवायची चकती) न बघता दहा क्लिक मोजा आणि मग आकडा बघा. नऊ किंवा अकरा आले तर तो टरेट तुमच्या हाताचा नाही. ०.१ मिलचा क्लिक १०० मीटरवर १ सेंमी. कालेसचं पॅरॅलॅक्स (अंतरानुसार चित्र जुळवायची कडी) वरच्या टरेटखालीच फिरतं, आणि विंडेज (आडव्या दुरुस्तीचा टरेट) डावीकडे की उजवीकडे हे घेतानाच ठरवता येतं. डावखुऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. श्मिटच्या काही आवृत्त्यांत अगदी खालच्या झूमला दृश्य रुंदावत नाही, नुसतं लहान होतं. तुम्ही तिथे मारणारच नाही, तेव्हा त्यावरून बाद करू नका.

लांबपल्ला: बसवताना काय चुकतं?

काटकोन: तिरकेपणा. टरेटवर ८ मिल चढवलेत आणि रेटिकल ३ अंश कललंय, तर ८०० मीटरवर गोळी सुमारे ३३ सेंमी बाजूला जाते. ओळंबा टांगून उभी रेघ जुळवा. तिन्हींची ट्यूब ३४ मिमी आहे, ३० च्या रिंगा चालणार नाहीत. स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, रिंगवाल्याने दिलेल्या आकड्यापर्यंत. जास्त आवळलं की ट्यूब दबते आणि झूम किंवा पॅरॅलॅक्स जड फिरतं.

शेवटी १०० मीटरवर उंच कागद लावून १० मिल चढवा, गट बरोबर १ मीटर वर हवा. अंतर टेपने मोजा. ते १०० यार्ड निघालं तर गट ९१ सेंमीवरच लागेल, आणि दोष विनाकारण स्कोपवर जाईल.