‘आस्क’ म्हणजे विचारणे की मागणे?

‘आस्क म्हणजे विचारणे’ हे लहानपणी एकदा पाठ झालं की डोक्यातून जात नाही. मग भाषांतरात ‘त्याने माझ्याकडे मदत विचारली’, ‘तिने मला दार बंद करायला विचारलं’ अशी वाक्यं येतात. गेल्या आठवड्यात एक मजकूर तपासताना यातलं दुसरं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं समोर आलं. लिहिणाऱ्याला त्यात काहीच खटकलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

इंग्रजीत क्रियापद तेच राहतं, शेजारचे शब्द बदलतात. ‘आस्क हिम द टाइम’ म्हणजे त्याला वेळ विचार. ‘आस्क हिम फॉर द की’ म्हणजे त्याच्याकडे किल्ली माग. ‘आस्क हिम टू वेट’ म्हणजे त्याला थांबायला सांग, आणि ‘आस्क हिम इन’ म्हणजे त्याला आत बोलाव. आपल्याला उत्तर हवंय, वस्तू हवीय की त्या माणसाने काही करायला हवंय, हे मराठीत क्रियापद निवडतानाच ठरतं. ‘सांग’ हुकमी वाटत असेल तर ‘थांबायची विनंती कर’ म्हणावं. ‘थांबशील का, असं विचार’ हेही चालतं, कारण तिथे खरोखरच प्रश्न आहे.

उलट्या दिशेची चूकही आपलीच. ‘त्याला विचार’ मधल्या ‘ला’मुळे ‘आस्क टू हिम’ तोंडात येतं. इंग्रजीत तो ‘टू’ नको.

मराठीतला फरक किती पक्का आहे ते पाण्यावरून कळतं. आलेल्या माणसाने पाणी मागितलं म्हणजे तहान त्याला लागली आहे. आपण त्याला पाणी विचारलं म्हणजे देणारे आपण. ‘कोणी साधं पाणीही विचारलं नाही’ या वाक्यातलं दुखणं ‘आस्क’ने एकट्याने पेलवत नाही, तिथे इंग्रजीला ‘ऑफर’ लागतं. ‘त्याला आता कोण विचारतो?’ हेही तसंच. त्यात प्रश्न विचारण्याचा संबंधच नाही, किंमत न उरल्याची गोष्ट आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर आणखी मजा येते. प्रश्न करणे या अर्थाचं आपलं जुनं क्रियापद ‘पुसणे’. ते संस्कृत ‘प्रच्छ्’ धातूचं, म्हणजे ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’ यांच्याच घरातलं. ‘विचारपूस’ या शब्दात ते अजून ‘विचारणे’च्या शेजारी बसलेलं दिसतं. इंग्रजी ‘प्रे’ लॅटिनमार्गे त्याच मूळ धातूपर्यंत जातो. ‘आस्क’चं कूळ मात्र वेगळं. त्याचं नातं संस्कृत ‘इच्छति’शी, म्हणजे आपल्या ‘इच्छे’शी आहे, आणि त्या मूळ धातूचा अर्थ हवं असणं, शोधणं. आपलं ‘मागणे’ही शोधणे या अर्थाच्या ‘मार्ग्’वरून आलेलं. म्हणून मला तर ‘आस्क’ स्वभावाने ‘मागणे’च्याच जास्त जवळचा वाटतो.

हल्ली कामकाजात ‘बिग आस्क’ फार ऐकू येतं. त्याला ‘मोठी मागणी’ म्हटलं की बाजारात माल खपतोय असं वाटतं. ‘हे जरा जास्तच मागणं झालं’ मला बरं वाटतं. ‘मागणं’ हे नाम आपल्याकडे आधीपासून आहेच.