मागचं टोक उंचवट्यांवर उडतं: १/१० रिमोट कंट्रोल बग्गीचे शॉक कसे लावायचे?

मुरूमपट्टी:
गाडी १/१० टू-व्हील ड्राइव्ह बग्गी, मोटर मधोमध, २एस शॉर्टी (दोन सेलची आखूड) बॅटरी. ट्रॅक कडक मुरमाचा, वर बारीक कच. मध्ये पाच उंचवट्यांची ओळ आणि शेवटी एक मोठी उडी. उतरताना चॅसी जोरात आपटायची म्हणून मागच्या शॉकमध्ये ३५० सीएसटीच्या (तेलाच्या जाडपणाचं माप) तेलाच्या जागी ६०० भरलं आणि मागच्या कॉलर (स्प्रिंगच्या वरच्या रिंग) ४ मिमी खाली फिरवून स्प्रिंग दाबल्या. आपटणं कमी झालं, पण आता उंचवट्यांवर मागचं टोक उसळून बाजूला जातं, आणि ब्रेक मारून वळताना शेपूट सुटतं. पिस्टनला १.६ मिमीची दोन भोकं. पुढे ४०० सीएसटी. राइड हाइट (चॅसीची जमिनीपासून उंची) पुढे २३ मिमी, मागे २८. मागे आणखी कडक स्प्रिंग घेऊ का?

शॉकवाला_नाशिक:
स्प्रिंग घेऊ नका अजून. कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. शॉक आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) टोकापासून आत बसलेला असतो, त्यामुळे कॉलर ४ मिमी सरकली की चाकाशी साधारण ५ मिमी फरक पडतो. तुमचे २८ तिथूनच आले. मागचं ५ मिमी उंच म्हणजे गाडी नाकावर झुकलेली. ब्रेक मारला की उरलंसुरलं वजनही पुढे जातं, मग शेपूट सुटणारच. आधी मागे २४ करा, पुढे २३ राहू दे.

मोजायची पद्धत: बॅटरी बसवून गाडी सपाट फळीवर वीतभर उंचीवरून सोडा, मागून-पुढून एकदा दाबा, स्थिरावू द्या, मग मोजा. हाताने ठेवून मोजलं तर टायर कडेला अडून राहतात आणि आकडा २-३ मिमी चुकतो.

एक सांगा, पहिल्याच उंचवट्याला उडतं की तिसऱ्या-चौथ्याला?

मुरूमपट्टी:
पहिले दोन नीट जातात. तिसऱ्याला उडतं.

शॉकवाला_नाशिक:
मग तेल जाड आहे. पहिल्या उंचवट्याला शॉक दाबला जातो, आणि ६०० सीएसटी त्या १.६ च्या भोकांतून परत येईपर्यंत दुसरा उंचवटा हजर. प्रत्येक वेळी गाडी थोडी खालीच राहते. तिसऱ्याला दाबायला जागाच उरत नाही, धक्का थेट चॅसीला बसतो.

उपाय फक्त तेल पातळ करणं नाही. शॉक हळू हलतो तेव्हा तेलाचा जाडपणा बोलतो. झटक्याने दाबला गेला की भोकाचा आकार. म्हणून १.७ मिमीची दोन भोकं आणि ४५० सीएसटी घ्या. वळणातला मऊपणा ३५० आणि १.६ च्या जोडीइतकाच राहील, पण उंचवट्यांवर भोकं लवकर गुदमरणार नाहीत. तयार पिस्टन मिळत नसतील तर १.७ चा बिट पिन व्हाइसमध्ये (बिट धरायच्या छोट्या मुठीत) धरून हातानेच फिरवा, मशीनवर नको. कडेला उठलेली बारीक बुर ब्लेडने काढा, नाहीतर एक शॉक एका तऱ्हेने चालतो, दुसरा दुसऱ्या.

आर्म_अँड_लिंक:
त्याआधी एक काम करा. चारही शॉक आर्मपासून सोडवा, आर्म उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. अडत असेल तर कुठलंही तेल घाला, सेटिंग बसणार नाही. कारणं ठरलेली: हिंज पिन (आर्म जिच्यावर हलतो ती सळई) वाकलेली, पिनच्या भोकात कच, किंवा बॉल कप (लिंकच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) फार घट्ट. पिन काचेवर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगते. कप घट्ट असेल तर बॉलवर बसलेला असतानाच पक्कडीने हलका दाबा.

आता शॉक भरताना: शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, तेल तीन चतुर्थांश भरा, पिस्टन हळूहळू खाली-वर करा. बुडबुडे वर यायला दहा मिनिटं उभा ठेवा. मग काठोकाठ भरून ब्लॅडर (रबरी पडदा) आणि कॅप. दाबताना आत चुक-चुक आवाज आला तर हवा राहिली आहे, परत उघडा. डावा-उजवा शॉक उलटे धरून टोकाला टोक लावून एकमेकांवर दाबा, दोन्ही शाफ्ट सारखेच आत जायला हवेत.

बाइकच्या फोर्कचं किंवा शिवणयंत्राचं तेल चुकूनही घालू नका. पेट्रोलियम तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, शाफ्ट चिकटतो. आणि 'वेट' (जाडपणाचा दुसरा आकडा) पाहून घेऊ नका, एका कंपनीचं ३० वेट दुसऱ्या कंपनीच्या ३० शी जुळेलच असं नाही. सीएसटी पाहा.

बर्म_बहाद्दर:
१.७ बद्दल थोडा मतभेद. भोकं मोठी केली की उडीनंतरचं आपटणं परत वाढेल, कारण उतरतानाच्या झटक्यातसुद्धा तेल सुटून जातं. ज्या गुणाने उंचवटे सोपे होतात त्यानेच उडी अवघड होते. मोठ्या उडीवरून चॅसी किंचित टेकली तर बिघडत नाही. टेकून गाडी परत वर फेकली जाते तेव्हा काळजी. तसं झालं तर मागची राइड हाइट २५ करा, किंवा शॉकचं खालचं टोक आर्मवर एक भोक बाहेर घ्या. त्याने स्प्रिंग आणि डॅम्पिंग दोन्ही कडक लागतात. राइड हाइट आणि ड्रूप (गाडी उचलल्यावर चाकं किती खाली लोंबतात ते) मात्र पुन्हा मोजावे लागतील.

शिवाय अँटी-स्क्वॉट (मागच्या हिंज पिनचं पुढचं टोक किती वर तिरकं आहे तो कोन) बघा. पॉवर चालू असताना टोक उडत असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर उडत नसेल, तर मागच्या हिंज पिनचा पुढचा ब्लॉक फार उंच आहे. ३ अंश असेल तर १ वर आणा. गुळगुळीत मातीवर जास्त अँटी-स्क्वॉट चांगला पुढे ढकलतो, उंचवट्यांवर तोच पॉवर दिली की सस्पेन्शन ताठ करतो.

मुरूमपट्टी:
आर्म सोडून पाहिला, मागचा डावा अडत होता. पिन काढली, मध्ये वाकली होती, बदलली. २४ केलं. पिस्टन उद्या. पण दुपारी गाडी वेगळी वागते आणि सकाळी वेगळी, ते यानेच का?

शॉकवाला_नाशिक:
नाही, ते तेलामुळे. सीएसटीचा आकडा २५ अंश तापमानाला धरलेला असतो. शॉक ४० अंशांपर्यंत तापला की सिलिकॉन तेलाचा जाडपणा साधारण चौथा हिस्सा उतरतो, म्हणजे ४५० भरलेलं ३४० सारखं वागतं. एप्रिल-मेच्या दुपारी ५५० भरा, थंडीच्या सकाळी ४०० पुरे. गाडी उन्हात ठेवू नका, दोन फेऱ्यांच्या मध्ये सावलीत.

आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. पिस्टन आणि अँटी-स्क्वॉट एकत्र बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आधी पिस्टन, चार-पाच फेऱ्या, मग ब्लॉक.

आर्म_अँड_लिंक:
मुरमावर प्रत्येक बॅटरीनंतर शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसा, पुसेपर्यंत गाडी दाबू नका. कच शाफ्टवरून सीलमध्ये ओढली जाते, शाफ्टवर उभे ओरखडे येतात आणि मग नवी ओ-रिंग टाकूनही गळती थांबत नाही. ओरखडा नखाला लागला तर शाफ्टच बदला.