आयर्लंडचा दुष्काळ आणि सिन्नरची खडी

प्रश्न : आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडून भूक व रोगराईने सुमारे १० लाख माणसे दगावली, आणि तिथल्या खेड्यांत दुष्काळी कामांवर बांधलेले रस्ते अजून दाखवले जातात. आपल्या नाशिक जिल्ह्यात अशा आठवणी कोणाकडे आहेत काय?

उत्तर १ : आहेत. १९७२ च्या दुष्काळात सिन्नरच्या पूर्व भागात आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. सोललेल्या बोटांना चिंध्या बांधून ती संध्याकाळी पदरात सुकडी (कामावर वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ) घेऊन यायची, आणि मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) लाल भाकरी घशाखाली उतरत नसल्याने आम्ही ती ताकात कुस्करून खात असू.

उत्तर २ : आमच्या गावचा पाझर तलाव त्याच कामांतला. तुलना मात्र जपून करावी, कारण आयर्लंडमध्ये १८४७ साली सरकारने रस्त्यांची कामे बंद करून सूपकेंद्रे उघडली, जुलैत त्यांवर रोज सुमारे ३० लाख लोक जेवत होते, तरीही ती काही महिन्यांतच गुंडाळली.

प्रश्नकर्ता : दुष्काळात ताक मिळत होते?

उत्तर १ : गाय विकेपर्यंत मिळत होते.